स्नायूंची मूक साक्ष

अंगास जखम झाली तर ती डोळ्यांस दिसते. हाड मोडलें तर तें क्ष-किरणांच्या छायाचित्रांत उमटतें. परंतु मानेचें किंवा पाठीचें जुनाट दुखणें कोणासच दिसत नाहीं. बोरीवलीहून चर्चगेटपर्यंत गाडींत उभ्यानें जाणारे वडील, शिवणयंत्रावर वांकून बसणारी आई, जड दप्तर वाहणारा विद्यार्थी, यांपैकीं कोणीं मान दुखते असें म्हटलें, तर घरचीं माणसें तें हंसण्यावारी नेतात. अशा अदृश्य दुखण्याचा माग काढण्याच्या एका शास्त्रीय पद्धतीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें.

हात उचलावयाचा झाला म्हणजे मेंदूची आज्ञा मज्जातंतूंवाटे स्नायूपर्यंत पोंचते. तेथील तंतूंवरून विजेची एक सूक्ष्म लहर धांवते व मग ते आंखडतात. इटलींतील गॅल्व्हानी यानें १७९१ सालीं बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध करून स्नायु व वीज यांचा संबंध जगापुढें मांडिला. आज कातडीवर लहान चकत्या चिकटवून, किंवा स्नायूंत बारीक सुई घालून, ही लहर यंत्रावर रेखितां येते. या पद्धतीस इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात.

आतां, हलक्या कामानेंही मान कां दुखावी? स्नायूंत तंतूंचे लहानमोठे समूह असतात. हलक्या कामास प्रथम लहान समूह जुंपले जातात व तेच शेवटीं मोकळे होतात. काम हलकें पण अखंड असेल, तर त्यांस विसांवा कसला? १९९३ सालीं नॉर्वेंतील संशोधकांनीं चॉकलेटें बांधण्याचें काम करणाऱ्या स्त्रियांच्या खांद्यावरील स्नायूंचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांस पुढें दुखणें जडलें, त्यांच्या स्नायूंच्या रेखनांत क्षणमात्र विश्रांतीच्या जागा इतरांहून कमी आढळल्या. पुढील सर्वच संशोधनांत हा संबंध तितका स्पष्ट दिसला नाहीं. तथापि विचारास दिशा मिळाली.

आपल्या प्रांतांतही असें कार्य झालें आहे. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचे शरीरावरील परिणाम यंत्रांनीं तपासण्याचें कार्य चालविलें. पुढें तेथें आसनस्थितींतील स्नायूंच्या विद्युत्-क्रियेचाही अभ्यास झाला.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. हें यंत्र स्नायूची क्रिया मोजतें, वेदना मोजीत नाहीं. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यांत पुष्कळदां मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. म्हणून रेखन निर्दोष आलें, तरी रोगी खोटें बोलतो असें ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, लिहितां-वाचतां मधून मधून खांदे सैल सोडा. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्या. आणि पालकांस आमची विनंति इतकीच, कीं मूल दुखतें म्हणालें तर आधीं त्याच्यावर विश्वास ठेवावा, व दुखणें हटेना तर वैद्यास दाखवावें. यंत्राची साक्ष मागाहून. पहिली साक्ष दुखणाइताचीच.