आत लपलेली चेन

मोटरसायकलची चेन म्हटले की आपल्याला मागच्या चाकाची चेन आठवते. ती ढिली झाली की दिसते आणि मिस्त्री लगेच ताणून देतो. पण अब्बांच्या काळातली जुनी बुलेट ज्या घरात आजही चालते, तिथे आणखी एक चेन आहे. डाव्या बाजूच्या बंद केसमध्ये, ऑइलमध्ये फिरणारी ही प्रायमरी चेन. वर्षानुवर्षे तिची कुणी विचारपूस करत नाही.

1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीत इंजिनाची ताकद क्लचपर्यंत हीच चेन नेते. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे पक्का बोल्ट केलेला असल्यामुळे तो मागे सरकवून चेन ताणता येत नाही. म्हणून खालच्या बाजूला एक पट्टी असते. तिचा स्क्रू फिरवला की पट्टी वर येते आणि चेन ताणली जाते.

आपल्याकडे ढिली चेन वाईट, म्हणून घट्ट चेन चांगली, असा समज आहे. तो खरा नाही. ढिली चेन केसला घासते, खडखडते, थ्रॉटल कमी-जास्त करताना गाडीला हिसके देते. घट्ट चेन मात्र गप्प राहते आणि क्रँक व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर टाकते. इंजिन तापले की ती आणखी ताणली जाते. आवाज बंद झाला म्हणजे काम झाले, असे समजू नये.

गाडी थंड असताना मेन स्टँडवर घ्यावी, प्लग काढावा आणि खाली ट्रे ठेवावा. जुन्या चार गिअरच्या गाडीत ब्रेक डाव्या पायाला असतो. तो आणि फूटरेस्ट बाजूला केले की कव्हरचा एकच नट दिसतो. कव्हर निघाल्यावर चेनचा वरचा भाग बोटाने वर-खाली करून पाहावा. साधारण 6 मिलिमीटर हालचाल असावी. इंजिन हळूहळू फिरवून चार-पाच जागी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. माप सर्वांत घट्ट जागेचे धरावे. मग लॉक नट ढिला करून स्क्रू लावावा, लॉक नट कसावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रू शेवटपर्यंत गेला तरी चेन ढिली असेल, तर नवी चेन घालण्याची वेळ आली आहे. तेव्हा स्प्रॉकेटचे दातही तपासावेत.

कव्हर बसवताना रबरी सील नीट खाचेत बसवावे. गळती थांबावी म्हणून तो नट जोर लावून आवळू नये. त्याने कव्हर वाकते आणि गळती वाढते. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच आणि ठरलेल्या पातळीपर्यंतच भरावे. क्लचच्या प्लेटाही त्यातच असतात. चुकीचे ऑइल पडले तर क्लच घसरतो.

नव्या युनिट इंजिनाच्या बुलेटमध्ये हा ताण आपल्याला राखावा लागत नाही. जुनीमध्ये तो आपल्यालाच राखावा लागतो. ही चेन चालत्या गाडीत तुटली तर केस फुटू शकते, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा अम्मी किंवा लहान भाऊ बसलेला असतो. म्हणून घरात एक वही ठेवावी. ऑइल कधी बदलले, चेन किती ढिली होती, किती किलोमीटर झाले, हे लिहावे. टॉर्च धरायला मुलाला बोलवावे, मुलीलाही बोलवावे. पुढे ही गाडी त्यांनाच सांभाळायची आहे.