नेवाशाच्या यात्रेची शिदोरी

पंढरीची आषाढी वारी झाली, की पंधरा दिवसांनी आषाढ वद्य एकादशी येते. हीच कामिका एकादशी. या पर्वणीला प्रवरातीरावरील नेवासे क्षेत्री भाविकांची दाटी होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, येथेच ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचे अठरा अध्याय मराठीत उलगडले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्या खांबाला टेकून माउलींनी हे निरूपण केले, असे परंपरा सांगते, तो पैस खांब पाहण्यासाठी ही सारी दाटी. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, अशा कित्येक घरांतून या एकादशीचा बेत ठरतो. मात्र ऐन वेळी “आजींना गर्दी झेपायची नाही” असे म्हणून ज्यांना जाण्याची सर्वाधिक ओढ, त्यांनाच घरी ठेवले जाते. तयारी नीट केली तर पुष्कळदा ही वेळ येत नाही. त्यासाठी एकच सूत्र ध्यानी ठेवावे: घरातील सर्वांत वडील माणसाला काय लागेल, या विचाराने सामान बांधावे. त्यांचे निभावले, की बाकीच्यांचे आपोआप निभावते.

तयारीचा आरंभ अठरा दिवस आधी करावा. आषाढ शुद्ध अष्टमीच्या सुमारास ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय घरात वाचावयास घेतला आणि रोज एक अध्याय वाचला, तर दशमीपर्यंत ग्रंथ पूर्ण होतो. मोठे अध्याय दोन बैठकांत वाचावेत. याच दिवसांत वडील मंडळींनी सकाळी थोडे थोडे चालण्याचा सराव ठेवावा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी उपवासाविषयी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. औषध घेऊन उपाशी राहणे कित्येकदा अंगाशी येते. देवाला भाव हवा, देहाची हेळसांड नको.

नेवासे गावाला रेल्वे नाही. अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर येथून येणाऱ्यांना महामार्गावरील नेवासा फाटा लागतो आणि तेथून गावात जावे लागते. रेल्वेने येणाऱ्यांना अहिल्यानगर अथवा श्रीरामपूरजवळचे बेलापूर स्थानक सोयीचे. एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आहे आणि २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत आहे. यासाठी ओळखपत्र हाताशी हवे. ते पिशवीच्या तळाशी नसावे, वरच्या कप्प्यात असावे. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

आता सामानाविषयी. प्रत्येकाने खांद्याला अडकविता येईल अशी एकच पिशवी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि एक हात आजी-आजोबांना देता येतो. हा मुलूख कमी पावसाचा आहे. आषाढातही घटकेत ऊन तर घटकेत सर, असे चालते. म्हणून छत्री आणि डोक्याला रुमाल, दोन्ही असावेत. जाड वस्त्रे नेऊ नयेत, कारण ती भिजली की वाळत नाहीत. लवकर वाळणाऱ्या कपड्यांचा एक जोड, पंचा आणि अंथरावयास एक चादर, हे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावे. नवी चप्पल घालून निघू नये, पायाला सवयीची असेल तीच बरी. दर्शनबारीत अनवाणी उभे राहावे लागते, म्हणून चपला ठेवण्यासाठी एक निराळी कापडी पिशवी असावी. सोन्याचे दागिने घरीच ठेवावेत, पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत.

फराळाचे जिन्नस कोरडे असावेत. राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी, उकडलेली रताळी हे प्रवासात टिकते. साबुदाण्याची गरम खिचडी डब्यात कोंडली, तर दुपारपर्यंत आंबूस होते. पावसाळ्यात भगरीला आणि तिच्या पिठाला ओल लागून बुरशी धरते, म्हणून भगर निवडून, ताजी शिजवून घरीच खावी, वाटेसाठी नेऊ नये. मुक्काम करणाऱ्यांनी द्वादशीच्या पारण्यासाठी दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या आणि कोरडी चटणी घ्यावी. पाणी घरून उकळून, गाळून न्यावे. जुलाब-उलटीचा त्रास झाला, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

औषधे दोन दिवस पुरतील अशी, मूळ वेष्टनासह घ्यावीत. मधुमेह असणाऱ्यांनी खडीसाखर जवळ बाळगावी. घरातील प्रत्येक वृद्धाच्या व लहान मुलाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तीवर नाव, गाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, आजार आणि चालू औषध लिहावे. मोबाइलची बॅटरी संपते, पण चिठ्ठी बोलत राहते. चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ती जागा गावात शिरताच सर्वांना दाखवून ठेवावी.

पूजेसाठी तुळस, बुक्का, गंध आणि चार फुले पुरेत. पोथी न्यावयाची असेल, तर ती कापडात गुंडाळून, वरून प्लॅस्टिक घालावे. निर्माल्य प्रवरेत टाकू नये. भंडारदरा व निळवंडे धरणांतून पाणी सोडले, म्हणजे वरच्या बाजूच्या पावसाने येथील नदी चढते. येथे आकाश निरभ्र असले तरी पाण्यात खोल उतरू नये. वृद्धांनी काठावरच तांब्याने पाणी घ्यावे. प्रवरासंगमावर स्नान करू इच्छिणाऱ्यांनीही हेच पाळावे.

पैस खांबाचे दर्शन झाल्यावर गावातील मोहिनीराजाचे दर्शन अवश्य घ्यावे. अनेक घराण्यांचे ते कुलदैवत आहे. परंतु देवगड आणि शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहेत, म्हणून सारे एकाच दिवसात उरकण्याचा मोह वडील माणसे बरोबर असताना आवरावा. चार ठिकाणी धावत दर्शन घेण्यापेक्षा एका ठिकाणी निवांत बसणे अधिक फळते. बारीत दोन-तीन तास जातील असे धरून चालावे आणि वृद्धांसाठी निराळी सोय आहे काय, हे स्वयंसेवकांना विचारण्यात संकोच करू नये.

ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी एका खांबाचा आधार घेतला. त्या खांबापर्यंत पोहोचण्यासाठी आपल्या घरातील थकल्या पायांनाही आधार लागतो. तो आधार हलक्या पिशवीत, खिशातल्या चिठ्ठीत आणि मोकळ्या ठेवलेल्या हातात असतो. यंदाच्या यात्रेत घरातील आजी-आजोबांसाठी ही तयारी आधी करावी आणि मगच आपले सामान भरावयास घ्यावे.