माळवदाखालचं लाकूड

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात जुन्या माणसाला घर केवढं म्हणून विचारलं, तर तो चौरस फूट सांगत नाही. पाच खणांचा सोपा, तीन खणांचं माजघर, असा हिशेब येतो. खण म्हणजे दोन तुळयांमधला साधारण चार-पाच फुटांचा गाळा. बांधावरची बाभळ किंवा दारचा लिंब जेवढं सरळ लाकूड देईल, तेवढी तुळई आणि तेवढीच खोलीची रुंदी. घराचा आकार शिवारातल्या झाडांनी ठरवलेला असायचा.

सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणून जावळी-पाटणकडं उतरती पाखी आणि कौलं, तर पूर्वेला सपाट मातीचं माळवद. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहायला लोक लांबून येतात, यायलाच हवं. पण कुणा सरदाराचं नाव नसलेलं आटपाडीकडचं बाभळीचं सहा खणी घर हीदेखील तितकीच विचारानं केलेली वस्तू आहे, आणि ती पाहायला कुणी जात नाही.

खाली दगडी उथळा, त्यावर खांब. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर हातभर अंतरानं कड्या. कड्यांवर आडव्या किलच्या, त्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर गावठाणातली खारी, पांढरी माती. पाऊस पडला की ही माती फुगून मिटते आणि पाणी खाली उतरू देत नाही. खांबाच्या माथ्यावर ठेवलेला चौकोनी खुंटा हस्तातून वर जाऊन तुळईच्या भोकात बसतो. सांध्यात खिळा नाही, सरस नाही. वरच्या ओझ्यानंच सांधा आवळला जातो.

या घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड असल्या, तरी चांगल्या बांधणीत छप्पर त्या भिंतींवर नसतं, खांबांवर असतं. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली, पण पुष्कळ घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा धक्का अनुभवलेल्या आपल्या भागाला हा फरक ठाऊक असायला हवा. जिथं खर्च वाचवायला भिंतीकडचे खांब गाळून तुळई सरळ भिंतीवर टेकवली, तिथं घराची ताकदच गेली.

बाभळीचं लाकूड चिवट, पण तिला किडा लवकर लागतो. म्हणून ओंडके विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात काही महिने बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत. मुरलेली बाभळ वाकसानं तासताना हात भरून येतात. एवढं करूनही खांबाचा बुडखा शेणसड्याच्या ओलीनं कुजतो आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवी खाते. दुरुस्ती करायची ती मुख्यतः याच दोन जागांची.

जाणता सुतार आधी वाकसाच्या पाठीनं लाकूड वाजवत जातो. निकोप लाकूड खणखणतं, पोखरलेलं भद्द वाजतं. खांब सोडवायचा तर दोन्ही अंगांना टेकू उभे करायचे, त्यांच्या बुडाशी फळी घालायची आणि फळी नि टेकू यांच्यात दोन पाचरी समोरासमोरून सारायच्या. मग मोगरीनं एक टोला इकडं, एक टोला तिकडं. तुळई उचलायची ती केसभर. किलच्यांतून बारीक माती झरायला लागली की थांबायचं, कारण त्याहून जास्त उचललं तर शेजारच्या खणाचा सांधा उघडतो. खांब मोकळा झाला की कुजका बुडखा कापून टाकायचा. वीतभरच गेला असेल तर उंच उथळा बसवून भागतं. जास्त गेला असेल तर खांब आणि नवा तुकडा अर्धे-अर्धे तासून एकमेकांवर बसवतात आणि सामत्यानं भोकं पाडून लाकडी खुंट्या मारतात. पाचरी काढल्या की ओझं पुन्हा खांबावर. सबंध घर न उतरवता त्याचा एक पाय बदलता येतो, आणि मला या बांधणीचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं.

घात होतो तो आपल्याच हातानं. माळवद गळू लागलं की दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही, अशी सवय पडलेली आहे. मातीचा थर फूटभर झाला की चौरस फुटामागं पन्नास किलोच्या आसपास ओझं होतं. कड्या वाकतात, मधोमध खोलगट होतं, तिथंच पाणी साचतं आणि गळती वाढते. मग त्यावर पुन्हा माती.

हे टाळायला लागणारा सुतारच आता या घरांपासून दुरावला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गांव-गाडा’ या पुस्तकात बलुतेदारीचं चित्र आहे. सुतार त्यात थोरल्या ओळीतला, कारण नांगर, कुळव, पाभर, गाडी सगळं त्याच्या हातचं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी झाली. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी त्यांच्या लोखंडी नांगराला बिचकत होते. पुढं तो नांगर गावोगाव गेला, नंतर ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी टायर आले. धान्याचं बलुतं आटलं आणि सुतार रोख मजुरीवर दारं-खिडक्या, पुढं प्लायवूडची कपाटं करू लागला. त्याला दोष कसा देणार? माळवदाच्या दुरुस्तीला त्याला बोलावणारंच कुणी उरलं नाही.

आता घर पाडायला जेसीबी येतो आणि दोन पिढ्या मुरलेल्या तुळया जळणाच्या भावानं जातात. स्लॅबचं घर बांधू नये असं मी म्हणणार नाही. माळवदाखाली आयुष्य काढलेल्या बाईला ज्येष्ठात रात्रभर गळतीखाली भांडी सरकवायला लावण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पाडण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या सुताराला घर वाजवून पाहायला सांगावं. वैशाखात माती उतरवून वीतभर थर ठेवला, पन्हळी मोकळ्या केल्या आणि दोन-तीन कड्या बदलल्या, तर बरीच घरं उभी राहतील. उतरवायचंच ठरलं तर वरून खाली, हातानं उतरवावं आणि प्रत्येक कडीवर, तुळईवर, खांबावर गेरूनं आकडा घालावा. खिळे नसल्यामुळं तोच सांगाडा मळ्यात नव्या जोत्यावर उभा करता येतो. वर माती नको असेल तर पत्रा टाकावा, मात्र तो वाऱ्यानं उचलला जाणार नाही असा खाली घट्ट आवळावा. एरवी ओझ्यावर घट्ट बसणारे हे सांधे हलक्या पत्र्याखाली ढिले पडतात, म्हणून तिथं प्रत्येक खुंट्यात आडवी मेख मारून घ्यावी.