एकाच कुळातील विष आणि औषध

अंगणातील सदाफुली, कुंपणाची कण्हेर, रानातील कुडा आणि वैद्यांची सर्पगंधा ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. वनस्पतिशास्त्रात हे कुळ कण्हेर कुळ म्हणून ओळखले जाते. शत्रूपासून पळून जाणे वनस्पतीला शक्य नसते. म्हणून किडीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून आपले रक्षण करणारी तीव्र रसायने ती अंगातच तयार करते. या कलेत कण्हेर कुळ विशेष निष्णात आहे.

परंतु कूळ एक असले तरी गुण एक नव्हेत. कण्हेरीतील आणि पिवळ्या बिट्टीच्या बियांतील ग्लायकोसाइडे हृदयाची गती बिघडवून माणसाचा प्राण घेऊ शकतात. उलट, सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरील निरीक्षणांच्या आधारे १९४९ मध्ये जगापुढे मांडले. तिच्यातील रेसर्पिन हे अल्कलॉइड १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले.

सदाफुलीची कथा याहून बोधप्रद आहे. हे झाड मूळचे मादागास्करचे. मधुमेहावरील घरगुती उपाय अशी त्याची ख्याती ऐकून कॅनडातील नोबल आणि बीअर या संशोधकांनी त्याचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आले. पुढे त्याच झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा आधार ठरले.

या इतिहासातून काय घ्यावयाचे? लोकपरंपरेने झाडाकडे बोट दाखविले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्या झाडाचा खरा उपयोग कोणता आणि मात्रा किती, हे प्रयोगशाळेनेच ठरविले. असे असता आजही मधुमेहावर सदाफुलीची पाने चघळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या पानांतून पेशींची वाढ रोखणारी औषधे निघतात, ती पाने निरुपद्रवी कशी मानावयाची? ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे, हे अधिक चिंताजनक होय. विष आणि औषध यांमधील सीमारेषा मात्रेची असते. ती मात्रा ज्याला ठाऊक नाही, त्याने निदान दुसऱ्याला सल्ला देऊ नये.