पुसलेली धावपट्टी

संगणकावर विमान उडवायचा एक खेळ आहे, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. त्याच्या कितीतरी आवृत्त्यांत विमान सुरुवातीला उभं असे ते शिकागोच्या मेग्ज फील्डवर, मिशिगन सरोवराच्या काठी. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमानं बुलडोझरांनी त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. आता तिथं बाग आहे. २००६ च्या आवृत्तीतून विमानतळही गेला.

खेळणाऱ्यांनी तो परत आणला. हट्टच म्हणा, पण मला तो आवडतो. संगणकाच्या लेखी विमानतळ म्हणजे आकडे: अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे ३,९०० फूट लांबी, उत्तर-दक्षिण दिशा. हे आकडे नव्या फाईलमध्ये लिहायचे आणि ती जोड-फाईलींच्या कप्प्यात ठेवायची. खेळ तिला मूळ माहितीच्या वर मानतो. मूळ फाईलला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर नवी काढून टाकली की झालं.

उंचीचा आकडा मात्र दोनदा तपासावा. तो चुकला, तर धावपट्टी सरोवराकाठी ओट्यासारखी वर येते, नाहीतर खड्ड्यात बसते.