विरोधकाचंही वकीलपत्र

अस्मा जहांगीर यांच्याविषयी बोलताना 'धाडसी' हे विशेषण हमखास वापरलं जातं. ते खरंही आहे, पण त्यानं त्यांच्या कामाची उंची कळत नाही. पाकिस्तानात धाडसी माणसं पुष्कळ झाली. लाहोरच्या या वकील स्त्रीचं वेगळेपण तिच्या कार्यपद्धतीत होतं. न्यायालयात शेवटपर्यंत लढायचं, पण न्यायालयावर विसंबून राहायचं नाही, ही ती पद्धत. ज्या देशात राज्यघटना वारंवार गुंडाळून ठेवली गेली, तिथे कायद्याच्या वाटेनं चालायचं तर दुसरा मार्ग नव्हता, असं माझं मत आहे.

याची पहिली शिकवण त्यांना वकील होण्याआधीच मिळाली. वडील मलिक गुलाम जिलानी हे पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईचे कडवे टीकाकार. डिसेंबर १९७१ मध्ये मार्शल लॉच्या नियमाखाली त्यांना स्थानबद्ध केलं गेलं, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नावानं याचिका दाखल झाली. 'अस्मा जिलानी विरुद्ध पंजाब सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९७२ मध्ये लष्करशहा याह्याखान यांना सत्ता बळकावणारे ठरवलं. यशस्वी झालेलं बंड आपोआप कायदेशीर होतं, असं सांगणारा १९५८ चा दोसो निकालही रद्दबातल केला.

इथे कुणी म्हणेल, याह्याखान पायउतार झाल्यावर असा निकाल द्यायला काय लागतं? आक्षेप बिनतोड आहे. पाचच वर्षांनी झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली आणि त्याच न्यायालयानं 'गरजेपोटी' म्हणून तिला मान्यता दिली. पण यातून न्यायालयाची वाटच निरर्थक ठरत नाही. निकालामागे रस्त्यावरचं बळ आणि बारमाही जागती संघटना नसेल तर तो कागदावरच राहतो, एवढंच सिद्ध होतं. अस्मा यांनी पुढे जे उभं केलं ते नेमकं हेच. १९८० मध्ये बहीण हिना जिलानी आणि दोन मैत्रिणींसह त्यांनी लाहोरात फक्त स्त्रियांची वकिली संस्था काढली. पुढे विमेन्स अ‍ॅक्शन फोरममधून त्या रस्त्यावर आल्या आणि १९८७ मध्ये पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाच्या स्थापनेत पुढे राहिल्या. हा आयोग सरकारी नाही. अत्याचारांची गावोगावची नोंद ठेवणारी ती नागरिकांची संस्था आहे.

१२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवर स्त्रियांनी मोर्चा काढला. साक्षीच्या प्रस्तावित कायद्यात दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाच्या साक्षीइतकी धरली जाणार होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. १९८४ मध्ये कायदा झाला, तेव्हा ती अट आर्थिक व्यवहारांच्या दस्तऐवजांपुरतीच उरली. हा पूर्ण विजय नव्हता. पण न्यायालयात एकही तारीख न पडता इतकं मागे ढकलता आलं, हे विसरून चालणार नाही.

सलामत मसीहचा खटला मात्र न्यायालयातच लढावा लागला. गुजरानवाला जिल्ह्यातला हा ख्रिस्ती पोरगा निरक्षर, आणि आरोप काय, तर मशिदीच्या भिंतीवर धर्मनिंदा करणारा मजकूर लिहिल्याचा. मजकूर पुसून टाकलेला, आणि तो उच्चारणं हीच पुन्हा धर्मनिंदा म्हणून साक्षीदार तो सांगायला तयार नाहीत. म्हणजे गुन्ह्याचे शब्दच न्यायालयासमोर नाहीत. तरी फेब्रुवारी १९९५ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. त्याच महिन्यात अस्मा आणि सहकाऱ्यांनी लाहोर उच्च न्यायालयातून त्याला सोडवलं. किंमत भयंकर होती. सहआरोपी मंजूर मसीहचा खून आधीच झाला होता, आणि निर्दोष सोडणाऱ्या न्यायमूर्तींपैकी आरिफ इक्बाल भट्टी यांना १९९७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

त्यांच्यावरचा दुसरा मोठा आक्षेप पाश्चात्त्यांच्या हस्तक असल्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक म्हणून केलेलं काम त्यासाठी पुराव्यासारखं दाखवलं जाई. पण त्यांनी कुणाची बाजू घेतली ते पाहावं. लष्करी न्यायालयांना त्यांनी विरोध केला, तेव्हा त्याचा लाभ दहशतवादाच्या आरोपींनाही होणार, हे त्यांना ठाऊक होतं. राजकीय नेते अल्ताफ हुसेन यांच्या राजकारणावर त्या स्वतः टीका करत. हुसेन यांच्या भाषणांना माध्यमांत बंदी झाली, तेव्हा २०१५ मध्ये लाहोरला त्यांचं वकीलपत्र अस्मा यांनी घेतलं आणि स्वतःच्या बार असोसिएशनमधल्या वकिलांचा रोष ओढवून घेतला. परक्यांच्या इशाऱ्यावर चालणारा माणूस इतक्या अडचणीचे अशील निवडत नाही. हक्क आपल्या आवडत्या माणसालाच द्यायचा असेल तर तो हक्क नसून मेहेरबानी असते, ही त्यांची भूमिका त्या खटल्यातून दिसते.

कायदा बदलायला मात्र फार वेळ लागला. एप्रिल १९९९ मध्ये घटस्फोटासाठी आलेल्या सामिया सरवारला हिना यांच्या कार्यालयातच, तिच्या आईसमक्ष, गोळी घातली गेली. घरच्यांनी घडवलेला हा खून होता आणि शिक्षा कुणालाही झाली नाही, कारण वारसांनी माफ केलं की खटला संपे. ती पळवाट आवळणारी दुरुस्ती संसदेनं २०१६ मध्ये केली. त्याआधी २००६ मध्ये बलात्काराचा गुन्हा झियांच्या हुदूद अध्यादेशातून काढून पुन्हा दंडसंहितेत आणला गेला होता. अस्मा ११ फेब्रुवारी २०१८ रोजी गेल्या. सलामतला ज्याखाली फाशी सुनावली गेली ते धर्मनिंदेचं कलम २९५-सी मात्र पाकिस्तानच्या दंडसंहितेत अजून जसंच्या तसं आहे.