घर विसरलेले आई-बाप हरवू नयेत म्हणून

म्हातारे माणूस घरातून निघून गेले आणि परतले नाही, की खेड्यापाड्यात अजून दोनच कारणे सांगितली जातात. एक, "साठी बुद्धी नाठी." दुसरे, "चकवा लागला." जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर काम करताना ही दोन्ही वाक्ये आम्ही पुष्कळदा ऐकली आहेत. पहिल्या वाक्याने घरचे गाफील राहतात, दुसऱ्याने देवऋषीकडे धावतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तरी यातून बाहेर पडले पाहिजे. हा चकवा नव्हे, हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठ वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना तो आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

असे माणूस वाट फुटेल तिकडे जाते, असा आपला समज असतो. पण बहुधा ते कुठेतरी जायलाच निघालेले असते. या आजारात कालपरवाचे आधी पुसले जाते, चाळीस वर्षांपूर्वीचे मात्र टिकून राहते. म्हणून आपल्याच घरात बसलेली आजी "मला घरी जायचंय" म्हणते. तिच्या मनातले घर वेगळे असते.

आपल्या भागात तर हे घर कधी कधी जागेवरच नसते. डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव उरले, गाव उरले नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गेले आणि वाचलेल्यांना आमडे येथे नवी घरे मिळाली. अशा विस्थापित माणसाची आठवण गेली, तर त्याचे पाय जुन्या गावाकडेच वळणार. कोणी मुंबईच्या गिरणीत उमेद घालवलेली असते. १९८२ च्या संपाला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी त्यांना पाळीवर जायचे असते आणि ते डबा मागून एस.टी. स्टँड गाठतात.

इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट नावाचे दुसऱ्या महायुद्धातले एक सैनिक म्हातारपणी या आजाराने पुनःपुन्हा हरवत. अखेरच्या वेळी ते बालपणीचे घर शोधायला निघाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने तिथल्या पोलिसांनी एक साधा कागद सुरू केला. माणूस हरवण्याआधीच घरच्यांनी त्याची माहिती भरून ठेवायची. त्याला पैसा लागत नाही. तो कागद आपणही करू शकतो.

वहीच्या एका पानावर लिहावे: पूर्ण नाव आणि हाक मारायचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, चालू औषधे, घरातल्या दोघांचे फोन. त्याखाली सर्वांत महत्त्वाचे: माहेर, जुने गाव, जुनी चाळ, कामाची जागा, लेकीचे सासर, नेहमीचा बाजार. सोबत अलीकडचा फोटो लावावा. एक प्रत घरात, एक विश्वासू शेजाऱ्याकडे आणि एक पोलीस पाटलाकडे ठेवावी.

घरचे सगळे कांद्याच्या, टोमॅटोच्या कामाला गेल्यावर म्हाताऱ्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न खरा आहे. रोज बुडवून घरी बसणे परवडत नाही. म्हणून कोणी बाहेरून कडी घालून जातात. तसे करू नये. आग लागली, पडझड झाली, तर माणूस आत अडकते. त्याऐवजी दाराला गुराच्या गळ्यातली घंटा बांधावी म्हणजे दार उघडताच कळते. चपला, पिशवी, टोपी दारापाशी ठेवू नये, त्या पाहूनच निघायची आठवण होते. सदऱ्याच्या, लुगड्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन लिहिलेली कापडी पट्टी शिवावी. खिशातली चिठ्ठी पडते, शिवलेली पट्टी पडत नाही. किराणावाला, चहावाला आणि रोजच्या गाडीचा कंडक्टर यांना न लाजता सांगून ठेवावे.

पुष्कळांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. आपल्याकडे तीच वेळ उसातून बिबट्या बाहेर पडण्याची. शिवाय धरणांचे कालवे, उघड्या विहिरी आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहने आहेतच. म्हणून तिन्हीसांजेच्या आधी कोणीतरी हात धरून फेरी मारून आणावी, खायला द्यावे, लघवीला नेऊन आणावे. "घरी जायचंय" म्हटले तर वाद घालू नये. त्या घरी कोण कोण होते, ते विचारावे. बोलता बोलता जीव शांत होतो.

भ्रम एकदोन दिवसांतच अचानक सुरू झाला असेल, तर मात्र लगेच सरकारी दवाखाना गाठावा. जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, एखादे औषध, यानेही तसे होते आणि ते बरे होऊ शकते. विसरभोळेपणा हळूहळू वाढत असेल तरी तपासणी करावी. बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची कमतरता औषधाने भरून निघते.

तरीही माणूस दिसेनासे झाले तर? पहिली काही मिनिटे घर, माळा, गोठा, शौचालय बघावे. त्याच वेळी दुसऱ्याने विहीर आणि कालवा गाठावा. घरी एकजण थांबावा. लगेच ११२ ला फोन करावा आणि पानाची प्रत, फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जावे. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. उलट, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा भटकत सापडलेल्या माणसाच्या घरच्यांचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरवले आहे. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनने नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांना निरोप जातो. आपला नंबर तिथे नोंदला आहे का, ते आजच बघावे. वृद्धांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाईन आहे. माणूस परत आले की रागावू नये. त्याला चूक आठवत नाही, बोल मात्र लागतो.

पटाचारेची कथा आपल्या विहारांतून सांगितली जाते. नवरा, मुले, आई-बाप गमावून ती भ्रमिष्टासारखी फिरत होती आणि लोक तिला ढेकळे मारत होते. ती जेतवनात आली तेव्हा लोकांनी अडवले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले. कोणीतरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. भरकटलेल्या माणसाला समाजाने कसे वागवावे, याचा धडा त्यात आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येक विहारात अर्धा तास जास्त बसावे. ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत त्यांचे पान तिथेच लिहून घ्यावे. महिला मंडळाने आणि तरुणांनी वार वाटून घ्यावेत: सोमवारी कोण बसणार, मंगळवारी कोण. ज्यांनी उपाशी राहून आपल्याला शाळेत घातले, त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन तास आम्हाला जड नाहीत. तुम्हालाही नसावेत.